फुटाला दोन सूत

मी चौथीपर्यंत शिकले, केंदूरच्या शाळेत. लिहायची सवय नाही. पण त्या आठवड्यातलं सगळं मला आठवतं, आणि ते माहीत असलेलं माणूस आता घरात मीच उरले आहे. म्हणून वहीत लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. दौंडला रेल्वेलाइनीच्या पलीकडं आमची शेड होती, वर सिमेंटचे पत्रे, आणि शेडला लागूनच आमच्या दोन खोल्या. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, पुण्यात एका प्लास्टिकच्या कारखान्यात सात वर्षं नोकरी केली होती. तिथलं काम शिकून त्यांनी स्वतःची शेड टाकली. प्लास्टिकचा मोठा पत्रा लोखंडी चौकटीत आवळायचा आणि वरून विजेच्या कॉइलनं तापवायचा. तापला की तो मधोमध लोंबायला लागतो, दोरीवरच्या ओल्या चादरीसारखा. मग तो साच्यावर टेकवायचा आणि खालून पंपानं साच्यातली हवा ओढून घ्यायची. हवा गेली की पत्रा साच्याला आतून जाऊन चिकटतो. गार झाला की काढायचा. ओढायचं काम अर्ध्या मिनिटाचं, पण त्याआधी साचा करायला तीन आठवडे लागायचे.

साचा मामंजी करायचे, म्हणजे माझे सासरे. त्यांची उमर लोखंड ओतायच्या कारखान्यात गेली. तिथं ते लाकडी नमुने करायचे. तो नमुना वाळूत दाबून खड्डा करतात आणि त्यात लोखंड ओततात. ओतलेलं लोखंड गार होताना आकसतं, फुटाला एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून नमुना तेवढा मोठाच करावा लागतो. त्यासाठी त्यांच्याकडं एक वेगळी पट्टी होती. दिसायला साधी, पण तिचा प्रत्येक फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा. त्या पट्टीनं मोजून केलं की हिशोब आपोआप धरला जायचा. ती पट्टी ते उशाशी ठेवायचे. तिला कुणी हात लावायचा नाही.

साच्यात माझं काम एकच, भोकं. हवा निघायला साच्याच्या तळाला आणि कोपऱ्यांत बारीक भोकं लागतात. भोक मोठं झालं तर प्लास्टिक आत शिरून पुटकुळी उठते, कमी पडली तर कोपरा भरत नाही. माझा हात बारीक म्हणून ते काम माझ्याकडं आलं. सायकलच्या चाकाची तार घासून टोकदार करायची, चुलीत लाल करायची आणि लाकडात टोचायची. मामंजी शेडमध्ये असले की मी तिथं थांबायची नाही. ते जेवायला बसले की मी भोकं पाडायची. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मी त्यांच्याशी सरळ बोलत नव्हते. चहा द्यायचा झाला तरी मालकांना सांगायची, "आबांना म्हणावं चहा ठेवलाय." मामंजी तिथंच बसलेले असायचे आणि तेही त्यांनाच सांगायचे, "तिला म्हणावं साखर कमी टाक." आमच्याकडं अशीच रीत होती, आणि मी लाजाळू, मला ती सोयीचीच होती.

पुण्याच्या एका कंपनीला यंत्रांचे भाग धुवायला मोठे ट्रे हवे होते. पाच फूट लांब, तीन फूट रुंद, चांगले खोल. ट्रेची कड लोखंडी घोडीवर, म्हणजे पायांच्या उघड्या चौकटीवर, टेकणार. कड आखूड झाली तर ट्रे घोडीतून खाली जाणार. साचा पुरा होत आला तेव्हा साहेब जीपमधून आला आणि तीन काळे पत्रे उतरवून गेला.

"तीनच आहेत," तो म्हणाला. "चौथा मिळणार नाही. पुढच्या गुरुवारी घोडी घेऊन येतो. बसला तर काम तुमचं. नाही तर मुंबईहून करून घेऊ."

मग मामंजींच्या करवतीकडं बघून हसला. "मिस्त्री, हे लाकूडकाम नाही हो. प्लास्टिक आहे."

मामंजींनी हातातला रंधा खाली ठेवला. "साहेब, चाळीस वर्सं नमुनं केलं. एक माघारी आला न्हाई. प्लास्टिक म्हंजी काय, लोखंडाचंच धाकटं भावंड. तुमचा ट्रे बसला न्हाई, तर गुरुवारी हत्यारं बांधून ठिवीन. पुन्यांदा हातात घेनार न्हाई."

साहेब हसला. मालकही हसले. मी दाराआड होते, मला मात्र हसू आलं नाही. इनामगावच्या सख्ख्या भावाला एकदा ते म्हणाले होते, तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. भाऊ गेला तेव्हा मातीलाही गेले नाहीत. दौंडच्या स्टेशनवर जाऊन दिवसभर बाकड्यावर बसले आणि परत आले. शब्द मागं घ्यायचं त्यांना माहीतच नव्हतं. आणि सासूबाई गेल्या तेव्हा हे माणूस तीन महिने कुणाशी बोललं नव्हतं. मालकांनी शेड टाकली, पहिल्या साच्याचं लाकूड पुढ्यात आणून ठेवलं, तेव्हा त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघाला. "हे सागवान न्हाई." हत्यारं बांधली तर पुढं काय होईल ते मला दिसत होतं.

पहिला पत्रा वाया गेला. साच्याचे कोपरे धारदार होते. तिथं पत्रा पातळ होत होत फाटला, जास्त लाटलेल्या पोळीसारखा. मामंजींनी कोपऱ्यांत लांबी, म्हणजे खडू-तेलाचा लगदा, भरून ते गोल केले, दोन दिवस वाळवले. मी लांबीत बुजलेली भोकं परत पाडली.

सोमवारी दुसरा पत्रा ओढला. सुरेख आला. चारी कोपरे भरले, कुठं सुरकुती नाही. ट्रे अजून हाताला ऊन-ऊन लागत होता तेव्हाच मामंजींनी उशाची पट्टी आणली आणि साच्यातच ट्रे मोजला.

"साठ," ते म्हणाले. "बरोब्बर साठ इंच. बघ."

"मानलं, आबा," मालक म्हणाले. "साहेबाला आता चहा बी देऊ नका."

"चहा देऊ की. साखर घालू नका."

त्या दिवशी मामंजींनी संध्याकाळी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मंगळवारी उजाडताना मी शेड झाडायला गेले. ट्रे दोन स्टुलांवर पालथा ठेवला होता. गुरुवारपर्यंत धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्याचं झाकण शिवावं असं मी ठरवलं होतं. मी आळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची, टेप माझी गळ्यातच असायची. लांबी घ्यायला टेप लावली. एकोणसाठ इंच आणि तीन सूत.

परत लावली. दुसऱ्या कडेनं लावली. एकोणसाठ आणि तीन सूत. साठाला पाच सूत कमी. अर्ध्या इंचाच्या वर. घोडीवर टेकायची कड मुळात इंचाची, तीही दोन्ही बाजूंची मिळून. त्यातली एवढी गेली तर ट्रे टेकणार कशावर?

मालक मोरीपाशी तोंड धूत होते. त्यांना हळूच सांगितलं.

"तुझी टेप व्हय?" ते म्हणाले. "बायांच्या कमरा मोजून मोजून ताणलीय ती. ताणलेली टेप कमीच दाखवणार."

"मग तुम्ही मोजा."

"कशानं? आबांची पट्टी मागू? बापाचं काम तपासतो म्हनतील. काल मोजला न्हाई का त्यांनी, तुझ्या देखत?"

"काल ट्रे ऊन होता."

"अगं, साठ म्हंजी साठ. ऊन काय अन् गार काय." त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. पंपाचा पट्टा आणायला ते पुण्याला निघाले होते. गाडीची वेळ झाली होती. जाता जाता म्हणाले, "आबांच्या कानावर घालू नको. लय दिवसांनी माणूस हसलाय."

ते गेले आणि मी एकटी त्या पाच सुतांबरोबर राहिले.

टेपचं त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. कापडी टेप ताणतेच. मी भाजी चिरायला बसले, पण हात चालेना. मग एकदम ध्यानात आलं. साच्याच्या तळाला मी भोकं पाडली होती ती याच टेपनं, फुटाफुटाच्या अंतरावर. आणि भोक कितीही बारीक असलं तरी प्लास्टिकवर त्याचा मोहरीएवढा दाणा उठतोच. म्हणजे साच्यातल्या भोकांचा उठाव ट्रेवर होता. टेप ताणलेली असेल तर दोन्हीकडं ताणलेली.

मामंजी अंघोळीला गेले तेवढ्यात मी शेडमध्ये गेले. साच्यात भोक ते भोक बारा इंच. ट्रेवर दाणा ते दाणा अकरा इंच आणि सहा सूत. पुढची जोडी मोजली. तेवढंच. आडवी मोजली. तेवढंच. फुटाला दोन सूत. लोखंड एक सूत आकसतं, हे दोन आकसलं होतं. मामंजींनी साचा लोखंडाच्या पट्टीनं केला होता. दर फुटाला एक सूत कमी पडलं, पाच फुटांना पाच; पुढचं गणित करायची गरज नव्हती.

आता सांगायचं कुणी? मालक रात्रीच्या गाडीनं येणार. उद्या बुधवार. गुरुवारी साहेबापुढं ट्रे घोडीतून खाली पडणार, आणि त्याच जागी मामंजी हत्यारं बांधणार. मी दोनदा दारापर्यंत गेले आणि परत आले. मामंजी बाहेर ऊन खात पटाशीला धार लावत होते. काहीतरी गुणगुणत होते. सहा वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

तोंडातून शब्द निघणार नाही हे मला कळत होतं. म्हणून मी ट्रे ओढत साच्यापाशी नेला, उचलला आणि साच्यात सोडला. काल हाच ट्रे साच्यातून काढताना दोघा बाप्यांना घाम फुटला होता. आज तो आत जाऊन खुळखुळला. मी मुद्दाम दोन्ही हातांनी हलवला. मोठा आवाज झाला.

धार लावायचा आवाज थांबला.

"काय चाललंय?" मामंजी दारात आले. मी पदर पुढं ओढून भिंतीला टेकले.

ते साच्यापाशी आले. ट्रे एका बाजूला सरकवला. दुसऱ्या बाजूला फट पडली. त्यात त्यांनी एक बोट घातलं. मग दुसरं. दोन्ही बोटं आत गेली. ती तशीच ठेवून ते उभे राहिले. शेडवर एक कावळा पत्र्यावर चालत होता, त्याच्या नखांचा आवाज येत होता.

"लोखंडाला एक बोट," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही. "लोखंडाला एकच बोट जातं."

मग माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं, "किती हाय?"

मालक नव्हते. मध्ये कुणीच नव्हतं, ज्याच्याकडून सांगावं.

"फुटाला दोन सूत, मामंजी."

"कशावरनं?"

मी साच्याच्या तळाकडं बोट केलं, मग ट्रेवरच्या दाण्यांकडं. ते खाली बसले. पेटीतून लोखंडी कंपास काढला, त्याची दोन टोकं साच्यातल्या दोन भोकांवर धरून आवळली, आणि तसाच कंपास ट्रेवर आणला. एक टोक दाण्यावर ठेवलं. दुसरं टोक पुढच्या दाण्याच्या पलीकडं पडलं. तिथं पट्टी नव्हती, टेप नव्हती, कुणाचा शब्द नव्हता. तरी त्यांनी आणखी तीन ठिकाणी लावून बघितलं.

"साचा बी वाढीव, पट्टी बी वाढीव, ऊन ट्रे बी वाढीव," ते म्हणाले. "तिघांची साक्ष एकच. आन् मी खुळ्यावानी साठ म्हनून वरडलो."

मला वाटलं आता ते उठतील आणि हत्यारं बांधायला घेतील, गुरुवारचीही वाट बघणार नाहीत. ते पेटीकडं गेलेही. पण करवत काढली.

नवा साचा करायला वेळ नव्हता. असलेलाच मोठा करायचा, म्हणजे मधोमध कापायचा, आडवा आणि उभा, आणि मध्ये लाकडाच्या पट्ट्या घालून परत जोडायचा. लांबीला पाच सूत, रुंदीला तीन सूत. करवत जे लाकूड खाते तेही धरून. मामंजींनी खूण केली, करवत टेकवली आणि थांबले. तीन आठवड्यांचं काम होतं. मी समोरून साचा दाबून धरला. कुणी धरायला सांगितलं नव्हतं. मग करवत चालली.

मालक आले तेव्हा साचा चार तुकड्यांत पडला होता. त्यांच्या हातातला पट्टा खाली पडला.

"आबा! हे काय केलं? कुनी सांगितलं?"

"भोकांनी," मामंजी म्हणाले.

मालक माझ्याकडं वळले. "तू? तुला म्हनलं व्हतं ना... आबा, एकच पत्रा राह्यलाय. हिच्या टेपवर इसंबून? ही चौथी शिकलीय!"

"मी दुसरी," मामंजी म्हणाले. "तू धर तिकडनं."

मालक त्या रात्री माझ्याशी बोलले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. माझ्याच मनात तेच चाललं होतं. भोक एखादं तिरपं पडलं असेल तर? पाच सुतांच्या जागी चार लागत असतील तर? एकदा वाटलं, गप्प बसले असते तर निदान चूक माझी नसती.

बुधवारी दुपारी सांध्यांतली पातळ लांबी वाळली आणि शेवटचा पत्रा चौकटीत आवळला. वीज कमी होती. शेडमधला दिवा लालसर दिसत होता. मालकांचा डोळा दिव्यावर, मामंजींचा पत्र्यावर. पत्रा लोंबायला रोजच्या दुप्पट वेळ लागला. दिवा गेला असता तर तिथंच सगळं संपलं असतं. शेवटी मामंजी "हं" म्हणाले, चौकट खाली आली, पंप घरघरला, आणि पत्रा खाली जाऊन बसला. मी कोपरे बघितले. चारी भरले होते.

मालक पट्टी शोधायला लागले. "मोजू या का?"

"गार होऊ दे," मामंजी म्हणाले. "उद्या."

मग त्यांनी आपली हत्यारं एकेक करून पुसली. करवती, पटाश्या, रंधे, कानशी. सगळी जुन्या धोतरात ठेवली आणि गाठ मारली. गाठोडं भिंतीशी ठेवून स्वतः ट्रेपाशी बसले. मी त्यांचं ताट तिथंच नेऊन ठेवलं. ते तसंच परत आलं.

गुरुवारी सकाळी मी टेप लावली नाही. धीर झाला नाही. दहाच्या सुमाराला जीप आली. साहेबानं दोन माणसांकडून घोडी उतरवली. मालकांनी आणि त्या माणसांनी ट्रे उचलून वर धरला आणि सोडला.

तीन कोपरे बसले. चौथा सूतभर वर राहिला.

साहेबानं दाबून बघितलं. ट्रे डगमगला. "मिस्त्री," तो म्हणाला आणि घड्याळाकडं बघितलं. एवढंच.

मालकांनी खाली मान घातली. लांबी रुंदी बरोबर असती तर एकच कोपरा का राहील? मी दाराआडून वाकून बघत होते. मामंजी मात्र ट्रेकडं बघतच नव्हते. ते घोडीपाशी उकिडवे बसले आणि त्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"साहेब, हितं वेल्डिंगचा गोळा राह्यलाय. हे आमचं न्हाई, तुमचं."

साहेब वाकला. त्यानंही अंगठा फिरवला.

मामंजींनी हात मागं केला. हत्यार घ्यायला करतात तसा. मग त्यांच्या लक्षात आलं की हत्यारं बांधलेली आहेत. त्यांनी मालकांकडं बघितलं नाही. दाराकडं बघितलं.

"सूनबाई, गाठोडं सोड. कानस दे."

गाठ घट्ट मारली होती. माझ्या नखांनी सुटेना, शेवटी दातांनी सोडली. सगळ्यांदेखत शेडच्या मधून चालत गेले आणि कानस त्यांच्या हातात दिली. त्यांनी गोळा घासला, फुंकर मारली. ट्रे परत सोडला. चारी कोपऱ्यांनी एकदम टेकल्याचा एकच आवाज आला.

साहेबानं सगळीकडून हात फिरवला. "आकसणं किती धरलं होतं, मिस्त्री?"

"फुटाला दोन सूत," मामंजी म्हणाले. जसं काही त्यांना जन्मापासून माहीत होतं.

तेव्हा मी परत दाराआड गेले होते. वाईट वाटलं नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. साहेबाला त्यांनी "घरात सांगितलं" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला तिकडं बोलावलं असतं तर मी मेले असते, हेही खरं. साहेब गेल्यावर मामंजींनी हत्यारं पेटीत परत लावली. ते जुनं धोतर मला दिलं आणि मालकांना नाही, मलाच म्हणाले, "ह्याचं फडकं कर. आता काय बांधायचं न्हाई."

पुढं ते होते तोवर आठ-नऊ मोठे साचे झाले. प्रत्येक वेळी पहिला ट्रे एक रात्र गार झाला की सकाळी ते शेडच्या दारात येऊन बसायचे. पट्टी आणायचे नाहीत. मी टेप घेऊन आत जायची आणि ते बाहेरून विचारायचे, "भोकं काय म्हनत्यात?"